पाणीपट्टी वाढवायची का थकलेली वसूल करायची? ग्रामसभेच्या आधी मतं पाहिजेत

शिवारवाट
नमस्कार मंडळी. आमचं गाव कोल्हापूर शहराला लागूनच आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण विषय गावातल्याच माणसांचा आहे. मी पाणीपुरवठा समितीत आहे. महिनाअखेरीस ग्रामसभा आहे आणि त्यात पाणीपट्टी वाढीचा ठराव येणाराय. आत्ता वर्षाला १२०० रुपये आहे ती १८०० करायची असं पंचायतीच्या बॉडीतल्या बहुतेकांचं म्हणणं. कारण काय तर नदीवरच्या जॅकवेलचं (पाणी उपसायच्या विहिरीचं) लाईट बिल थकलंय, त्याची नोटीस आलीय, वर पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या दोघांचा पगार, लिकेज काढायचा खर्च, सगळंच अंगावर आलंय.

पण गावातल्या निम्म्याच्या आसपास कनेक्शनची पाणीपट्टी थकीत आहे, काहींची तर तीन-चार वर्षांची. म्हणजे जी माणसं मार्चला गुमान येऊन पावती करून जातात त्यांच्याकडनंच आणखी सहाशे घ्यायचे, आणि जे देतच नाहीत त्यांच्या नावापुढचा आकडा वहीत नुसता फुगवायचा. मला हे पटत नाही आणि बैठकीत मी तसं बोललो. त्यावर उत्तर आलं, "मग तू सांग वसूल कसं करायचं." हा प्रश्नही खराच आहे. तुमच्याकडं काय केलं, काय जमलं, काय फसलं ते मोकळेपणानं सांगा.

तांबडा_पांढरा
देणार नाही, देणार नाही, पाणीपट्टी आम्ही देणार नाही! आपल्याकडं घोषणा तयारच असते भावा.

निवृत्त_मास्तर
@तांबडा_पांढरा, कोल्हापूर शहरातल्या टोलविरोधी मोर्च्यात मी स्वतः चाललोय, ही घोषणा तिथलीच. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा पुढं होते. आपल्याच शहरात फिरायला माणसानं खासगी कंपनीला पैसे का म्हणून द्यायचे, हा मुद्दा होता, म्हणून सगळ्या तालमी, पेठा, आयाबाया रस्त्यावर उतरल्या. २०१५ च्या अखेरीस टोल गेला तेव्हा पानसरे अण्णा ते बघायला राहिले नव्हते. ती घोषणा त्या लढ्याची आहे.

पाणीपट्टीचा पैसा कुठल्या कंपनीच्या खिशात जात नाही, आपल्याच नळाला लागतो. राधानगरीचं धरण राजर्षी शाहूंनी संस्थानच्या पैशातून उभं करायला घेतलं तेव्हा त्यांच्यासमोर शंभर वर्षं पुढचं गाव होतं. आपल्याला मार्चच्या पुढचं दिसत नाही. दर वाढवायला माझा विरोध नाही, पण शिवारवाट म्हणतायत तसं आधी वही साफ करा.

रंकाळा_चौपाटी
शहरात मीटर आहेत म्हणून थकबाकी नाही असं समजू नका हं. दर मार्चला कनेक्शन तोडायची मोहीम निघतेच, पेपरला आकडे येतात, एप्रिलला सगळं थंड. वर बिलात सांडपाणी अधिभार वेगळा. माझं म्हणणं एवढंच की माणूस पाणी बघून पैसे देतो. २०१९ ला आणि परत २०२१ ला महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, चहूकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, टँकरमागं पळत होतो आम्ही. त्यानंतर काळम्मावाडी धरणावरनं शहराला येणाऱ्या थेट पाईपलाईनची किती वर्षं वाट बघितली ते शहराला माहीत आहे, २०२३ च्या दिवाळीत एकदाचं पाणी पोचलं. लोकांना आनंद झालाच की. पण अजून ज्या भागात कमी दाबानं पाणी येतं तिथला माणूस दरवाढीचं नाव काढलं की भडकतो.

गोठेवाली
मी सांगतो ते जरा ऐका. थकवणारा प्रत्येक जण बुडवा नसतो. आमच्या गल्लीत चार घरं अशी आहेत की ज्यांच्याकडं मार्चला एकरकमी बाराशे नसतातच. मार्चला काय असतं? पोरांच्या परीक्षा, पुढच्या वर्षीची फी, सोसायटीचं कर्ज भरायची ३१ मार्चची मुदत, जत्रा तोंडावर. त्यात पंचायतीचा शिपाई घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही एकदम घेऊन दारात. माणूस म्हणतो पुढच्या महिन्यात बघू, आणि तो महिना येत नाही. दुसऱ्या वर्षी बाराशेचे चोवीसशे झाले की मग तर हातच लावत नाही.

तेच दहा दिवसाला चाळीस रुपये मागा. कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. मी डेअरीला दोन्ही वेळचं दूध घालतो, दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातनं पशुखाद्याचे पैसे कापून घेतात, कर्जाचा हप्ता कापतात, आजवर कधी कोणी भांडलेलं मी बघितलं नाही. पाणीपट्टी त्यातनंच कापा की.

तांबडा_पांढरा
ताई, म्हशीनं पाणी प्यायचं आणि म्हशीनंच बिल भरायचं! पण आयडिया नाद खुळा आहे, खरंच.

शिवारवाट
@गोठेवाली ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षाला छत्तीस बिलं निघतात, म्हणजे १२०० ला भागिले ३६, एका बिलातून ३३-३४ रुपये. तुमचे चाळीस पण लागत नाहीत.

निवृत्त_मास्तर
आणि ही गोष्ट कोल्हापुरात नवीन नाही. भोगावतीच्या, पंचगंगेच्या काठानं ज्या सहकारी पाणीपुरवठा संस्था झाल्या, नदीवरनं उपसा करून माळाला ऊस पिकवला, त्यांची पाणीपट्टी कारखान्याच्या ऊस बिलातनंच कापून येते. शेतकरी आधी संमती लिहून देतो, हंगामात बिल निघालं की संस्थेचे पैसे संस्थेला, सोसायटीचे सोसायटीला आणि उरलेले याच्या खात्यावर. ज्या संस्था टिकल्या त्या वसुलीच्या या व्यवस्थेवर टिकल्या. शेताच्या पाण्याला आपण हे तीन पिढ्या मान्य केलंय, प्यायच्या पाण्याला का जमू नये?

इचलकरंजीकर
तुमचं भाग्य आहे तुम्ही दर आणि वसुलीवर बोलताय. आमच्याकडं पाणी किती दिवसांनी येणार हाच मुख्य प्रश्न असतो. कृष्णेची लाईन फुटली की मोजत बसायचं. दूधगंगेचं पाणी आमच्याकडं आणायची सुळकूडची योजना मंजूर आहे म्हणतात, दूधगंगा काठच्या गावांचा विरोध आहे, त्यांचं पण म्हणणं चुकीचं नाही, त्यांना वाटतं आपल्या वाट्याचं पाणी जाईल. या सगळ्यात पट्टी मात्र वर्षाची पूर्ण येते. पाणी नाही आलं त्या दिवसांचे पैसे कमी करा असं कोणी म्हणत नाही. बिल देणाऱ्यानं काय वर्षभर पाणी आलंय असं धरून चालायचं का? मी भरतो, दरवर्षी भरतो, पण शेजारी भरत नाही त्याला मी काय तोंडानं सांगू.

वायरमन_दादा
शिवारवाट, जॅकवेलला मोटर किती एचपी आहे आणि बिलावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते तो आकडा) किती दिसतोय ते बघा आधी. अशा बऱ्याच मोटरा मी बघतो. पॉवर फॅक्टर सांभाळणारा पॅनेलमधला कपॅसिटर फुगलेला असतो, तेल गळत असतं, कोणी बघत नाही. मोठ्या जोडणीला केव्हीएएचवर, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.७५ वर घसरला तर जेवढी वीज खरी लागली त्याच्या एक तृतीयांश जास्त बिल उठतं. पाणी तेवढंच, पैसे जास्त. कपॅसिटर बदलायला एक दुपार लागते.

पंपहाऊस
पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

दर ठरवायच्या आधी एका घराला पाणी पोचवायला वीज किती लागते हे गावाला सांगा. हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी ६० मीटर उंच चढवायचं (नदीची पातळी ते टाकीचा माथा आणि पाईपातलं घर्षण सगळं धरून, तुमच्याकडं शहराच्या कडेला साधारण एवढंच भरेल), पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षम धरले, तर पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते, नेमकं ०.२७. जलजीवन मिशननं माणशी दिवसाला ५५ लिटर धरलंय. पाच माणसांच्या घराला महिन्याला सव्वाआठ हजार लिटर, म्हणजे सव्वादोन युनिट. युनिट आठ रुपयाला धरा. महिन्याला १८ रुपये. वर्षाला २१६.

आता कोणी म्हणेल ५५ लिटरमध्ये कोण भागवतं, जनावरं आहेत, गाडी धुतात. बरं, तिप्पट धरा. साडेसहाशे. त्यावर स्थिर आकार, पगार, पावडर, दुरुस्ती. सगळी घरं भरत असतील तर बाराशेत गाव चालायला पाहिजे, आणि दोन पैसे शिल्लक पण पडायला पाहिजेत. चालत नसेल तर दोनच कारणं. एक, पैसे देणारी घरं कमी आहेत. दोन, उपसलेलं पाणी घरापर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या कारणाकडं कोणी बघत नाही म्हणून सांगतो. टाकी किती लिटरची आहे ते माहीत आहे, पंपाचा डिस्चार्ज (तासाला किती पाणी टाकतो ते) पाटीवर लिहिलेला असतो. रिकामी टाकी भरायला किती तास लागतात ते घड्याळ लावून बघा. चार तासांची टाकी सहा तासाला भरत असेल तर एकतर पंपातलं फिरणारं चाक, इंपेलर झिजलाय, नाहीतर रायझिंग मेन (नदीवरनं टाकीकडं जाणारी मोठी लाईन) कुठंतरी शेतातनं गळतीय, आणि तिथल्या उसाला सुद्धा माहीत असतं कुठं गळतीय ते, तेवढाच पट्टा हिरवागार दिसतो. रात्री टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून काठीनं पातळी मोजायची, पहाटे परत मोजायची, म्हणजे टाकी आणि व्हॉल्व्ह कळतात. याला इंजिनिअर लागत नाही. गावातली दोन पोरं आणि एक वही पुरते.

हे न करता दर वाढवला तर जास्त पैसे गोळा करून जास्त पाणी रानात सोडल्यासारखं होईल. माझा दरवाढीला विरोध याच कारणानं आहे.

गोठेवाली
पंपहाऊस काका, एवढं साधं करून आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. महिन्याला अठरा रुपये! हे ग्रामसभेत फळ्यावर लिहा.

भाड्याचं_घर
मी गावाच्या कडेला नवीन झालेल्या अपार्टमेंटमध्ये भाड्यानं राहतो. घरमालक म्हणतो पाणीपट्टी भाड्यात आहे. पंचायत म्हणते थकलीय. शेवटी पाणी बंद झालं तर बंद होणार माझं. पावती मालकाच्या नावावर, तो राहतो दुसरीकडं, मी कोणाला विचारायचं? अशा थकबाकीत भाडेकरूंची बाजू पण बघा. निदान नोटीस लावताना ती फ्लॅटच्या दारावर न लावता मालकाच्या पत्त्यावर पाठवा.

पुण्यात_कोल्हापुरी
माझं उलटं आहे. गावाकडचं घर वर्षातले अकरा महिने बंद. गणपती आणि जत्रेला येतो. नळ आहे, पट्टी पूर्ण. मी गेली काही वर्षं भरली नाही हे खरं, कारण वापरलेलंच नाही त्याचे पैसे का द्यायचे असं वाटतं. मीटर बसवा, जेवढं वापरलं तेवढं देतो, एका पैशाचा वाद घालणार नाही.

पंपहाऊस
@पुण्यात_कोल्हापुरी, तुमच्या दारापर्यंत पाईप टाकलाय, तुम्ही जत्रेला येता त्या दिवशी नळ सोडला की पाणी येतं, त्यासाठी पाणी सोडणारा वर्षभर पगारावर ठेवलाय. वापर शून्य असला तरी जोडणीचा म्हणून काही भाग द्यायलाच हवा, वीज बिलात स्थिर आकार असतो तसा. तो तुम्ही पुण्यात बंद फ्लॅटचा भरत असालच. नको असेल तर अर्ज करून कनेक्शन बंद करून घ्या, तेवढा मार्ग सगळ्यांना मोकळा असतो.

पुण्यात_कोल्हापुरी
स्थिर आकार वेगळा आणि वापर वेगळा असं मांडलं तर मला मान्य आहे. आत्ता तसं नाही, सरसकट आहे. माझ्या बंद घराला बाराशे आणि चौकातल्या गाडी धुणाऱ्याला पण बाराशेच.

तांबडा_पांढरा
हे मात्र खरं बोलला मर्दा.

रंकाळा_चौपाटी
विषय वीज बिलाकडं वळलाच आहे तर एक विचारतो. परवा घरच्या लाईट बिलासोबत आणखी एक कागद आला, अतिरिक्त सुरक्षा ठेव भरा म्हणून. दरवाढ कमी पडली म्हणून हे का? वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क १६ टक्के, वाचता वाचता माणूस थकतो.

वायरमन_दादा
ती ठेव आहे, बिल नाही. महिन्याला बिल येणाऱ्या ग्राहकाची दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव असावी असा नियामक आयोगाचा २०२१ चा नियम आहे. वर्षभरात तुमचा वापर वाढला की फरकाची मागणी येते. तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलातनं वजा होतं, दरवर्षी एकदा बिल नीट बघा, तिथं ओळ असते. ठेव कशासाठी तर उद्या कोणी दोन महिने बिल थकवून गेला तर बोजा बाकीच्यांवर पडू नये म्हणून. म्हणजे फिरून आपण मूळ विषयावरच आलो.

काळा_कोट
उशिरा आलो, पण कायद्याच्या तीन गोष्टी कामाच्या आहेत.

पहिली, जॅकवेलच्या नोटीसबद्दल. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरायची, वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पॉवर फॅक्टरचा किंवा रीडिंगचा घोळ निघाला तर याचा उपयोग होईल. नुसतं पैसे नाहीत म्हणून मात्र ही पळवाट चालणार नाही.

दुसरी, वसुली. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये सगळं दिलेलं आहे. आधी मागणीचं बिल, मग मागणीचा लेख म्हणजे भरण्याची लेखी ताकीद, मग जंगम मालमत्तेची जप्ती. बहुतेक गावात पहिली पायरीच नीट झालेली नसते. बिल दिल्याची पोच नाही, तारीख नाही, नमुना ९ ची मागणी नोंदवही अर्धवट. मग पुढं काय करणार. राष्ट्रीय लोक अदालतीत दाखलपूर्व प्रकरणं (खटला दाखल व्हायच्या आधीची) म्हणून थकबाकी ठेवता येते, नोटीस कोर्टाकडनं गेली की बरीच माणसं आपणहून येऊन हप्ते ठरवून जातात. कोणाची अब्रू जात नाही, वकिलाचा खर्च नाही.

तिसरी, आणि ही जरा नाजूक आहे. कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या सदस्यानं स्वतःचं येणं मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. ठराव मांडणाऱ्यांनी आपापल्या पावत्या आधी टेबलावर ठेवाव्यात. गावाचा निम्मा विरोध तिथंच मावळेल.

निवृत्त_मास्तर
काळा_कोट साहेब, तिसरी गोष्ट फ्लेक्सवर छापावी अशी आहे. पण थकबाकीदारांच्या नावांचे फ्लेक्स मात्र लावू नका कोणी. एका गावात लावलेले बघितलेत मी. ज्याचं नाव त्यात आलं त्याच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. रक्कम दोन हजार सुद्धा नव्हती.

इचलकरंजीकर
मास्तर, मग दबाव कसा आणायचा? दोन तोट्या तोडा, वीस जण पैसे घेऊन येतात. हा अनुभव आहे. हात जोडून वसुली होत नाही.

गोठेवाली
इचलकरंजीकर दादा, नळ तोडला की घागर कोणाच्या डोक्यावर येते ते सांगा. पैसे थकवले बाप्यानं, पाणी आणायला जाणार बाई आणि पोरगी. आमच्या वस्तीत असं झालंय. दारू पिऊन पैसे उडवणारा नवरा, नळ तोडला, तो खुशाल कट्ट्यावर बसलेला आणि ती बिचारी सकाळच्या पारी शेजारणीच्या दारात दोन कळश्या मागायला उभी. शेजारीण चांगली होती म्हणून चाललं. तिनं पण शेवटी किती दिवस द्यायचं. तोडायचं असेल तर आधी ज्यांना परवडतं त्यांचं तोडा, हॉटेलवाल्याचं तोडा.

इचलकरंजीकर
ताई, तुमचं बरोबर आहे. घरगुती आणि धंद्याचं वेगळं धरायला पाहिजे. धंद्याच्या नळाला एका नोटीसीनंतर सरळ बंद, घराला हप्ते. हे मला चालेल.

शिवारवाट
मंडळी, तुमचं वाचून काल पंचायतीत बसलो आणि क्लार्कबरोबर नमुना ९ उघडून एकेक नाव काढलं. आम्ही सगळे समजत होतो की थकबाकी म्हणजे वस्तीवरची गरीब घरं. तसं नाही निघालं. वस्तीवरच्यांची रक्कम लहान आहे आणि बऱ्याच जणांनी थोडे थोडे का होईना भरलेत, कोणी तीनशे, कोणी पाचशे. मोठी थकबाकी आहे ती हमरस्त्याकडेच्या गाळ्यांची. दोन हॉटेलं, एक गाडी धुण्याचं सेंटर, एक मंगल कार्यालय. आणि हे सगळे घरगुती कनेक्शनवर! म्हणजे पुण्यात_कोल्हापुरी म्हणाले ते शब्दशः खरं. मंगल कार्यालय एका लग्नाला जेवढं पाणी वापरतं तेवढं एक घर कित्येक महिने वापरत असेल, आणि पट्टी तीच, ती पण भरलेली नाही. काही नावं बॉडीच्या जवळची आहेत. ती नावं वाचताना क्लार्क मान वर करत नव्हता.

टाकीचं पण बघितलं. पंपहाऊस काकांनी सांगितल्याप्रमाणं घड्याळ लावून. टाकी भरायला हिशेबापेक्षा दीडपट वेळ लागतोय. उद्या पोरं लाईनीनं चालत जाणारायत.

कपॅसिटर बघायला पॅनेल उघडायचं धाडस केलं नाही. वायरमन दादा, तुमच्या ओळखीचं कोणी येईल का?

वायरमन_दादा
पॅनेल उघडलं नाही तेच चांगलं केलं, कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावर पण धक्का देतो. रविवारी मीच येतो. मागच्या वर्षभराची बिलं काढून ठेवा, बिलावरचा पॉवर फॅक्टरचा रकाना महिन्यागणिक बघितला की कधी उडाला ते कळेल.

तांबडा_पांढरा
रविवारी मी पण येतो. लाईनीनं चालायला माणसं लागतील. तांबडा-पांढरा गावाकडनं असेल असं गृहीत धरतो.

गोठेवाली
या की दोघं पण, जेवण माझ्याकडं.

भाड्याचं_घर
मधेच विचारतो, डेअरीतनं कापायचं ठरलं तर आमच्यासारख्यांचं काय? आमच्याकडं म्हैस नाही, ऊस नाही.

निवृत्त_मास्तर
बचत गटाच्या महिलांना द्या हे काम. महिन्याला शंभर रुपये गोळा करायचे, जागेवर पावती, वसुलीवर त्यांना ठरावीक टक्का. नाहीतरी गटाचे हप्ते त्या घरोघर फिरून गोळा करतातच. आणि पंचायतीचा क्यूआर कोड टाकीजवळ, डेअरीत, रेशन दुकानात लावा. पोरं फोनवरनं भरतील.

काळा_कोट
पैसे हातात घेणार असाल तर पावती पंचायतीच्या नमुना १० चीच द्या, साधी चिठ्ठी नको. आणि डेअरीतून कपातीला प्रत्येकाचं संमतीपत्र घ्या. संमतीशिवाय दूध बिलाला हात लावला तर उद्या तोच वाद होईल.

शिवारवाट
संमतीपत्राचं खरं दुखणं वेगळंच आहे. गावात डेअऱ्या दोन आहेत आणि दोन गटांच्या आहेत. एका डेअरीनं हो म्हटलं की दुसरी आपोआप नाही म्हणणार. इथल्या लोकांना सांगायला नको.

गोठेवाली
दोन्ही डेअऱ्यांना दूध घालणाऱ्या बायकाच आहेत. दोन्हीकडच्या बायका मिळून सचिवाकडं गेल्या तर तो काय नाही म्हणतोय बघू. गट बाप्यांचे असतात, पाणी भरायची वेळ सगळ्यांची एकच. मी आमच्या गटातल्या दहा-बारा जणींशी बोललोय, संमतीपत्र कसं लिहायचं तेवढं काळा कोट साहेबांनी द्यावं.

रंकाळा_चौपाटी
जुन्या थकबाकीवर दंड माफ करणार का? वीज कंपनीनं २०२४ ला कायमस्वरूपी तोडलेल्या ग्राहकांसाठी अभय योजना काढली होती, व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ, घरगुतीसारख्या लघुदाबवाल्यांनी एकरकमी भरलं तर वर १० टक्के सूट. तसं काहीतरी?

पुण्यात_कोल्हापुरी
तसं केलं तर मी या गणपतीला सगळी भरतो. पण जे वेळेवर भरत आले त्यांना काय? त्यांना वाटणार आपण उगाच प्रामाणिक राहिलो.

पंपहाऊस
म्हणूनच माफी एकदाच, तारीख ठरवून, आणि फक्त घरगुतीला. ज्यांची वही आजच्या तारखेला साफ आहे त्यांना पुढची दोन वर्षं जुनाच दर लेखी द्या. दर वाढायचाच असेल तर तो आधी धंद्याच्या कनेक्शनला वाढू दे आणि तिथं मीटर बसू दे. सगळ्या गावाला मीटर बसवायची घाई नको, आमच्या इकडं बसवलेले मीटर गाळानं वर्षात बंद पडलेले बघितलेत. आधी मोठ्या दहा नळांना बसवा.

शिवारवाट
सोमवारपर्यंतचं सांगतो. लाईन दोन ठिकाणी फुटलेली सापडली, एक ओढ्याच्या खालनं आणि एक उसात, काका म्हणाले तसाच हिरवा पट्टा होता. पॅनेलमधले दोन कपॅसिटर गेलेले निघाले, वायरमन दादांनी बिलं बघून सांगितलं की पावसाळ्यापासनं पॉवर फॅक्टर पडलेला आहे. लाईट बिलाचा पहिला हप्ता भरायला सरपंचांनी मान्यता दिलीय.

ग्रामसभेला पर्यायी ठराव असा मांडणाराय: घरगुती पाणीपट्टी या वर्षी १२०० च राहील. धंद्याच्या सगळ्या जोडण्या महिन्याभरात वेगळ्या नोंदवायच्या, त्यांना मीटर आणि वेगळा दर. सगळ्यांना मागणीचं बिल पोच घेऊन द्यायचं, सुरुवात बॉडीच्या सदस्यांपासून. घरगुती थकबाकीला दूध बिलातून किंवा बचत गटामार्फत हप्ते. बंद घरांना अर्ज केल्यावर कमी आकार. आणि दर तीन महिन्याला किती पाणी उपसलं, किती लाईट बिल आलं, किती वसुली झाली ते पंचायतीच्या फळ्यावर. कुठं दुरुस्ती पाहिजे असेल तर सांगा, बुधवारी अजेंड्यावर द्यायचंय.

काळा_कोट
'धंद्याच्या जोडण्या' असं मोघम नको, हॉटेल, मंगल कार्यालय, वॉशिंग सेंटर, बांधकाम अशी यादी टाका, नाहीतर प्रत्येक जण मी घरातच धंदा करतो म्हणेल. संमतीपत्राचा मसुदा आज रात्री इथंच टाकतो.

इचलकरंजीकर
पाणी सलग काही दिवस आलं नाही तर त्या प्रमाणात पट्टी कमी, हे पण घाला. एकदा लिहून ठेवा, मग पंचायतीला लाईन दुरुस्त करायची घाई राहील.

गोठेवाली
आणि ग्रामसभा सकाळी अकराला ठेवू नका. बायका त्या वेळी रानात असतात. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ठेवा, साडेसातला, आम्ही सगळ्या येतो.

शिवारवाट
तिन्ही घेतलं. वेळेचं सरपंचांशी बोलून उद्या सांगतो.